डोळे झाकून घ्या

साडेतीन लाख किलोमीटर पळालेली आलिशान टर्बो गाडी विकायचं वकीलसाहेबांनी एकदाचं ठरवलं. बायको गाडीला उघड उघड सवत म्हणायला लागली होती. गिऱ्हाईक आलं. खात्री करून घ्यायला दोघेही वकिलांच्याच मेकॅनिककडे गेले.

"डोळे झाकून घ्या," बॉनेटवर थाप मारत मेकॅनिक गिऱ्हाइकाला म्हणाला. "टर्बो नवा टाकलाय, गिअरबॉक्स मी माझ्या हाताने उघडून बसवलाय. अजून दहा वर्षं हिला काही धाड भरत नाही."

ऐकता ऐकता वकिलांचा ऊर भरून आला. गिऱ्हाइकाला त्यांनी तिथल्या तिथे हात जोडून परत पाठवलं.

आठवड्याभरात गाडी टोइंगवाल्याच्या आकड्याला लटकून गॅरेजात आली.

मेकॅनिकने कपाळावर हात मारला. "अहो साहेब, ते मी त्यांना सांगत होतो! तुम्ही कशाला ऐकलंत?"