तेलाचं बोट

नवं हृदय बसवून सहा महिने झाले, तरी नवऱ्याचं कोलेस्टेरॉल खाली येईना. सासूबाई रोज माझ्या कढईतून बोट फिरवायच्या, ते त्याच्या नाकासमोर नाचवायच्या आणि माझ्याच बाहीला पुसायच्या. "हिच्या हातचं खाऊन हेही हृदय जाणार तुझं!"

आज डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "स्वयंपाकाचा दोष नाही. हे आनुवंशिक आहे, आईकडून आलेलं. पहिलं हृदयही यानंच गेलं. विशीत कळलं असतं, तर नुसत्या गोळ्यांवर भागलं असतं."

डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळ्यांची चिठ्ठी सासूबाईंनी वाचली आणि पर्समधून त्याच गोळ्यांचं अर्धं संपलेलं पाकीट काढलं.

"या होय! मी वीस वर्षं घेतेय. पण तेव्हा बोलले असते, तर याला मुलगी कोण देणार होतं?"