लांबण

"हे काय पुस्तक म्हणायचं? एसटी कुर्डुवाडीला पोचायच्या आत संपलं." धुरपताबाईंनी पातळ कादंबरी मदिहाच्या टेबलावर ठेवली. "जाडजूड काहीतरी दे बाई. महिनाभर पुरंल असं."

खिडकीजवळच्या खुर्चीतून रामहरीकाका बोलले, "सांगायचं ते शंभर पानांत सांगता येतं. पुढं नुसतं लांबण."

"शंभर पानांत माणसाची नुसती ओळख होती," धुरपताबाई मदिहाकडंच बघत म्हणाल्या. "त्यांना सांग, माणूस कळायला पुढची पानं लागत्यात. तेवढा धीर निघाय पायजे पण."

"तेच ते उगाळत बसलं तर कोण थांबंल?" काका म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

वाचायला बसलेल्या बाकीच्या मंडळींनी पेपर तोंडासमोर धरले. हसू लपवत असतील, असं मदिहाला वाटलं.

परंड्याच्या या वाचनालयात ती नुकतीच ग्रंथपाल म्हणून लागली होती. शिक्षण धाराशिवला झालेलं, इथं मामूच्या घरी राहायची. गावाची तिला अजून पुरती ओळख नव्हती, पण वाचक मात्र ओळखीचे झाले होते. धुरपताबाई निवृत्त नर्स. सगळा जन्म बाहेरगावच्या सरकारी दवाखान्यांत काढून आता परंड्यात येऊन राहिलेल्या. रामहरीकाका एसटीचे ड्रायव्हर होते. दोघंही एकटेच राहायचे आणि दोघांनाही पुस्तकाशिवाय चैन पडायची नाही.

काका पुस्तक अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून बघायचे. बोटापेक्षा जाड असलं की परत कपाटात. बाई ते हातावर तोलून घ्यायच्या, बाजारात भोपळा घ्यावा तसं. त्यावरून रोज काहीतरी निघायचंच. बाई कधी काकांशी सरळ बोलायच्या नाहीत, त्यांचं नावही घ्यायच्या नाहीत. 'त्यांना सांग', 'त्यांना विचार', एवढंच. पुस्तकाच्या जाडीवरून माणसानं इतका राग धरू नये, असं मदिहाला वाटायचं.

मग धुरपताबाई यायच्या बंद झाल्या.

काका नेहमीच्या वेळेला येत, पेपर उघडत आणि दाराकडं बघत बसत. शेवटी त्यांनीच विचारलं, "सिस्टर दिसंनात?"

"न्हाणीत घसरल्या. पायाला प्लास्टर आहे," मदिहा म्हणाली.

पेपरची घडी घालून काका उठले आणि जाड पुस्तकांच्या कपाटापुढं जाऊन उभे राहिले. "त्या लई नावाजत होत्या, ती कादंबरी कुठली गं?"

मदिहानं काढून दिली. "काका, उशीएवढी आहे ही."

"दिसतंय की मला."

चार-पाच दिवसांनी ते तक्रार घेऊन आले. "अजून नायक घरातनं बाहेर पडला न्हाय. नुसतं घराचंच वर्णन चाललंय."

"मग परत करा."

"परत कर म्हणलं का मी?"

त्यानंतर तक्रार आली नाही. खिडकीजवळची खुर्चीही रिकामीच राहू लागली. एकदा मदिहाला ते बसस्टँडच्या बाकावर दिसले. मांडीवर तेच पुस्तक, समोर बार्शीची गाडी लागलेली, आणि काकांची मान काही वर होत नव्हती.

बऱ्याच दिवसांनी त्यांनी कादंबरी आणून टेबलावर ठेवली. दाढी वाढलेली होती.

"झाली?"

"झाली. मधी एकदा फेकून देणार होतो. नवरा-बायकोचं भांडण चाललंय, चाललंय, संपंना." काकांनी पुस्तकावर हात ठेवला. "पण तेवढं वाचलं नसतं, तर शेवटी ती का रडती तेच कळलं नसतं."

ते जायला निघाले आणि दारातून मागं आले. "सिस्टरचं प्लास्टर कधी निघतंय, विचारशील का? मी विचारलं म्हणून सांगू नको."

त्याच दिवशी संध्याकाळी मदिहा एक नवं जाडजूड पुस्तक घेऊन धुरपताबाईंच्या घरी गेली. बाई पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. शेजारणीनं चहा करून दिला. मदिहानं पायाची चौकशी केली, वाचनालयातल्या गोष्टी सांगितल्या आणि बोलता बोलता काकांनी ती कादंबरी नेल्याचंही सांगून टाकलं.

बाईंचा कप हातातच राहिला. "पुरी केली?"

"शेवटच्या पानापर्यंत."

"मधीच सोडली न्हाय?"

"नाही. मधलं भांडण वाचल्याशिवाय शेवट कळला नसता, म्हणाले."

धुरपताबाईंनी नवं पुस्तक उघडूनही बघितलं नाही. खिडकीबाहेर कोंबड्या दाणे टिपत होत्या, तिकडं बघत राहिल्या. शेजारीण कप उचलून घेऊन गेली. एवढ्या गप्प झालेल्या बाई मदिहानं कधी पाहिल्या नव्हत्या. त्या गप्प बसण्यानंच तिला बळ आलं.

"राग येणार नसेल तर एक बोलू, काकू?"

"बोल की."

"माझ्या फुप्पीनं, म्हणजे आत्यानं, साठीला आल्यावर निकाह केला. लोकांनी आधी नावं ठेवली. आता दोघं मजेत आहेत. तुम्ही इथं एकट्या, पडलात तर पाणी द्यायला कुणी नाही. काकाही तिकडं एकटेच. वाद घालत असतील, पण तुमच्यासाठी एवढी जाड कादंबरी वाचली त्यांनी. माणूस मनानं वाईट नाही. तुम्ही त्यांच्याशी लग्नाचा विचार का करत नाही?"

आता बोलणी खावी लागणार, म्हणून तिनं मान खाली घातली. बाईंनी प्लास्टरच्या पायाखालची उशी नीट केली. पदर सारखा केला.

"त्यांच्याशी?" त्या हळूच म्हणाल्या. "परत?"