घडी घातलेलं पॅराशूट

“हात लावू नका हो काका,” म्हणता म्हणता उपासनीबाई थांबल्या. त्यांच्या प्रदर्शनात, एकाहत्तरच्या युद्धातल्या पॅराशूटपाशी एक म्हातारे गृहस्थ उभे होते आणि त्याला अडकवलेलं घडीच्या नोंदीचं पिवळं कार्ड डोळ्यांजवळ धरून वाचत होते.

“ही सही माझी आहे, ताई. हवाई दलात मी पॅराशूटच्या घड्या घालायचो. हे उघडलं का हो?”

वीस वर्षं बाई पदरमोड करून लढाऊ विमानांच्या वस्तू जमवत होत्या. “हे भंगार कशाला?” असं पुष्कळांनी विचारलं होतं, हा प्रश्न मात्र पहिल्यांदाच आला होता. पॅराशूट देणाऱ्या साताऱ्याच्या निवृत्त वैमानिकाला त्यांनी लगेच फोन लावला, सगळं सांगितलं आणि फोन काकांच्या कानाशी धरला.

“अहो, होतात कुठे इतकी वर्षं?” पलीकडून खणखणीत आवाज आला. “विमान पेटलं होतं, तुमच्या घडीनं वाचलो! दोन मुली झाल्या, पाच नातवंडं झाली. तुमचे पेढे द्यायचे राहिलेत!”

काका आणि बाई, दोघंही डोळे पुसत हसू लागले.

“मला शुगर आहे,” काका म्हणाले, “पण घेऊन या!”