मनसारामच्या ट्रकचे दिवे

मनसारामच्या बांबू वाहणाऱ्या ट्रकचे दिवे म्हणजे नुसत्या रॉकेलच्या चिमण्या. महिन्यात तीनदा त्याने बल्ब बदलले, आतल्या वाट्या घासून आरशासारख्या केल्या. चांद्याला भिंतीसमोर ट्रक उभा केला की लख्ख उजेड पडे. पोंभुर्ण्याच्या जंगलात शिरला की पुन्हा तीच मिणमिण.

"भाऊ, बल्ब कोराच आहे जी," लटारू मिस्त्री वैतागून म्हणाला होता. "आता का सूर्य आणून बसवू त्याच्यात?"

आज तर दिवेलागणीलाच रस्ता दिसेनासा झाला. ट्रकमध्ये तो एकटाच. पुढच्या वळणावर दगडांचा ढीग होता. तिथे एका लाकूडतोड्याला वाघाने नेलं होतं. मेलेल्याच्या नावाने प्रत्येकाने उतरून एक दगड ठेवायचा, अशी रीत. पण मनसारामचं टाळकं आधीच सरकलेलं.

"आज नाई थांबत, जा!" म्हणत त्याने ट्रक तसाच पुढे दामटला.

आणि रस्ता एकदम दुधासारखा उजळला.

"आता कसं!" तो खुशीत ओरडला.

मग त्याला समोर रस्त्यावर पडलेली लांबलचक सावली दिसली. त्याच्याच ट्रकची. म्हणजे उजेड मागून येत होता. खिडकीतून डोकं काढून त्याने मागे पाहिलं, तर मिट्ट काळोख.

त्याने स्वतःचे दिवे बंद केले. सावली आणखीच ठळक झाली.

सावलीतल्या बांबूंवर कोणीतरी बसलं होतं. ते हळूहळू पुढे वाकलं. त्याचा हात लांबला.

मनसारामच्या डोक्यावर, टपावर, कोणीतरी अलगद एक दगड ठेवला.