कळीचा नमुना

दूरच्या संग्रहालयातून अदलाबदलीत आलेलं पाकीट वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी उघडलं. आत कागदावर चिकटवलेलं रानफूल होतं, पणजोबांच्या काळात दाबून वाळवलेलं. ही जात इथल्याच डोंगरावरची; आता जगात कुठेच उरली नव्हती.

बाईंनी पाठवणाऱ्या सरांना फोन लावला. "अहो, तुम्ही कळी पाठवतो म्हणालात. हे तर छान उमललंय!"

"काहीतरीच काय! आमच्याकडे तेवढा एकच नमुना होता, आणि ती कळीच होती."

बाईंनी पुन्हा पाहिलं. मघाशी मिटलेली शेवटची पाकळीही आता उघडली होती.

खिडकीतून एक मधमाशी आत आली. कुंडीतला ताजा गुलाब सोडून ती थेट कागदावर बसली.

"हॅलो? ऐकताय ना?"

मधमाशी उठली आणि परागांनी पिवळेधमक झालेले पाय घेऊन डोंगराकडे निघाली.