जेर्कोचा उजवा हात

व्हिस बेटावरच्या जेर्कोचा उजवा हात पक्षाघातानं लुळा पडला, तसं वडिलांच्या काळातलं बोटीचं बंद इंजिन भंगारात द्यायचं त्यानं ठरवलं. "तू सांग, मी करते दुरुस्त," त्याची बायको पेरिना म्हणाली. हिवाळाभर स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिनं ते खोललं, गंज घासला, पिस्टनच्या रिंगा बदलल्या. "पाना आहे तो, पळी नव्हे!" जेर्को खेकसायचा. एप्रिलमध्ये धक्क्याशी बोटीला इंजिन लावून तिनं दोरी ओढली. दोनदा खोकून ते थांबलं. "अजून जोरात ओढ!" "गप रे. पेट्रोल जास्त झालंय, वास येतोय." न विचारताच तिनं प्लग काढून पुसला, बसवला, दोरी ओढली. इंजिन धडधडू लागलं. सुकाणूची जागा त्याचीच, म्हणून ती उठली. जेर्को मात्र चाळीस वर्षं ती बसायची त्या पुढच्या फळीवर जाऊन बसला. "चला, कॅप्टनबाई, कुठे नेताय?"