डावी कड

शंभराव्या फोटोवर त्याने पट्टी ठेवली, पातं उचललं आणि थांबला. कापण्यासारखं काही नव्हतंच. डावी कड स्वच्छ होती. शेवटच्या नऊही फोटोंची कड स्वच्छ होती.

"जमलं बुवा," तो मोठ्याने म्हणाला. खोलीत ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून स्वतःच मान डोलावली.

चाळीस वर्षं त्याने छापखान्यात मुद्रितं तपासली होती. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात जन्म गेला, स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य लिहून झालं नाही. निवृत्तीनंतर फोटोग्राफीच्या वर्गात नाव घातलं, तेही तीनदा दारावरून परत येऊन. शैलीवरची पुस्तकं आणून वाचली. वर्गाच्या बाई वयाने त्याच्या निम्म्या. त्या म्हणाल्या होत्या, "पुस्तकं मिटा, काका. एकच जागा, एकच वेळ, रोज एकच फोटो. शंभर दिवस. तुमचं जे काही असेल ते आपोआप वर येईल."

त्याने आपल्या दारातून दिसणारा जिना निवडला. सकाळी सव्वाआठला वळणावरच्या झरोक्यातून ऊन कठड्यावर उतरे. रिकामा जिना, त्यावर ऊन. त्यात माणूस नको. हीच आपली शैली, असं त्याला वाटू लागलं.

अडचण एकच होती. वरच्या मजल्यावर धाकटा भाऊ राहत होता आणि तो नेमका सव्वाआठलाच फिरायला उतरे. दोघांत चौदा वर्षं अबोला होता. कारण हाच कॅमेरा. वडिलांच्या मागे थोरल्याने तो उचलून आणला, धाकट्याला विचारलं नाही. धाकटा एकदाच बोलला. "लहानपणीही मला हात लावू द्यायचा नाहीस. नुसता ओरडायचास. हलू नकोस, फोटो बिघडवशील!" त्यानंतर दोघांनीही मिठाची गुळणी धरली.

वरून पावलं वाजली की थोरला घाईने बटण दाबी, आणि मान वर न करता आत जाऊन दार लावी. धाकटा चौकटीत शिरायच्या आत. तरी फोटो छापून आले की डाव्या कडेला काहीतरी असेच. बुटाचं टोक. कठड्यावरची दोन बोटं. "जुना कॅमेरा आहे, काका," स्टुडिओवाला म्हणाला. "डोळा लावायच्या खिडकीतून दिसतं त्याहून जरा जास्तच उतरतं फिल्मवर." मग तो घरी येऊन तेवढी कड कापून टाकी. "मुद्दाम माझ्याच वेळेला कडमडतो. जित्याची खोड!" कात्रण मात्र फेकवत नसे. कागद टाकायची सवयच नव्हती. मागे दिवसाचा आकडा घालून तो ते वाचत्या पुस्तकात खुणेला ठेवी.

शेवटचे नऊ दिवस पावलंच वाजली नव्हती. आली एकदाची अक्कल, असं त्याने मनाशी म्हटलं होतं.

संध्याकाळी बाईंनी शंभर फोटो टेबलावर मांडले. वर्ग भोवती जमला. बाईंनी एकेक फोटो उचलून पाहिला.

"स्वच्छ आहेत," त्या म्हणाल्या. "पण काका, हे कोणीही काढले असते." मग त्यांनी दोन फोटो एकावर एक ठेवले. "शेवटचे नऊ रुंद आहेत. बाकीचे अरुंद का?"

"कड कापलीय. चूक होती तिथे."

"एक्क्याण्णव वेळा तीच चूक?" बाई हसल्या नाहीत. "कात्रणं आहेत? आणा बघू उद्या."

सकाळी त्याने पुस्तकं झटकली. कात्रणं आकड्यांप्रमाणे टेबलावर लावली आणि जन्मभराच्या सवयीने डावीकडून वाचायला बसला.

पहिल्या आठवड्यात बूट चालता होता, टाच उचललेली. पुढे पावलं जुळवून उभी राहिली. तिसाव्या दिवसापासून बुटांना पॉलिश आलं. बावन्नाव्या दिवशी बुटाशेजारी काठी टेकली. धाकट्याला काठी लागली, हे त्याला माहीत नव्हतं. सत्तराव्या दिवसानंतर कठडा ठसठशीत होता आणि त्यावरची बोटं पुसट. कॅमेरा हलला म्हणावा, तर कठडा का नाही हलला?

एक्क्याण्णवच्या पुढे कात्रण नव्हतं. रिकामं टेबल होतं.

तो उठला. कात्रणं गोळा करून खिशात कोंबली आणि जिना चढू लागला. बावीस पायऱ्या. चौदा वर्षांत त्या त्याने फक्त कॅमेऱ्यातून पाहिल्या होत्या.

दार भावजयीने उघडलं.

"या, भाऊजी," ती म्हणाली, जणू तो कालच येऊन गेला होता. "डॉक्टरांनी जिना बंद केलाय यांचा. तरी सव्वाआठला बूट घालून बसायचं काही सुटत नाही."

धाकटा खिडकीशी खुर्चीत बसला होता. दाढी केलेली, भांग पाडलेला, बूट चकचकीत. मांडीवर उजवा हात थरथरत होता. थोरल्याला पाहताच त्याने तो डाव्या हाताखाली दाबून धरला.

"माझी चाहूल लागली की बटण दाबायचास," तो म्हणाला. "रोज ऐकायचो मी." मग त्याची नजर थोरल्याच्या फुगलेल्या खिशावर गेली. "फोटो आणलेस? हल्ली हात हलतो रे, दादा. बिघडवले तर नाहीत ना मी?"